तारीख गुडघ्याने ठरवावी

गुडघ्याच्या दुखापतीतून सावरणाऱ्या माणसाने लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करावी का, या प्रश्नाला माझं उत्तर 'जरूर करावी' असं आहे. अट एकच: स्पर्धेची तारीख त्याने आधी ठरवू नये. छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगर, गारखेडा, जवाहर कॉलनी, हनुमाननगर या पट्ट्यात गुडघ्यांच्या पुनर्वसनाचं काम करता करता माझं हे मत बनलं आहे आणि ते दोन्हीकडच्या लोकांना पटत नाही. घरची मंडळी म्हणतात, एकदा गुडघा गेला की गेला, आता सकाळ-संध्याकाळ चालणं पुरे. सायकल आणि धावण्याच्या गटातले मित्र म्हणतात, फी भरून टाक, तारीख डोळ्यांसमोर असली की शरीर आपोआप तयार होतं. एक बाजू गुडघ्याला कायमचा निवृत्त करते, दुसरी त्याला मुदतीत काम संपवायला लावते. सावरणाऱ्या गुडघ्याला खरी गरज असते ती मोजून दिलेल्या आणि हळूहळू वाढवलेल्या भाराची. तो भार देण्याची जितकी सोय ट्रायथलॉनच्या तयारीत आहे, तितकी दुसऱ्या कुठल्याही एका खेळात मला दिसत नाही. हे म्हणणं पुराव्याने मांडायचं आहे.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. 18 फेब्रुवारी 1978 रोजी हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर पंधरा जणांनी सुरू केलेली आणि बारा जणांनी पूर्ण केलेली शर्यत ही या प्रकाराची सुरुवात. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यानंतर 42.2 किलोमीटर धावणं, हे सगळं सतरा तासांच्या आत. याचीच निम्मी आवृत्ती म्हणजे 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर. महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोहोचला तो 2015 मध्ये, मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण अंतराची स्पर्धा पार केली तेव्हा. 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची 'आयर्नमॅन 70.3' झाली, आणि विमानाचं तिकीट न काढता गाठता येईल असं ठिकाण मराठी माणसाला मिळालं. आपल्या शहराचं नावही या यादीत ठळक आहे. निकेत दलाल यांनी 2020 मध्ये दुबईत निम्म्या अंतराची स्पर्धा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले दृष्टिहीन भारतीय. त्यांच्याकडे पुढे परत यायचं आहे. आत्ता फक्त गुडघ्याच्या बाजूने हिशेब पाहू. सात तास सायकल, मिनिटाला 80 फेरे धरले, तर एकेक गुडघा तेहेतीस हजारांहून जास्त वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्यानंतर मीटरभराची एक ढांग धरली, तर मॅरेथॉनमध्ये प्रत्येक पाय वीस हजारांहून जास्त वेळा जमिनीवर आदळतो. हे आकडे ऐकून घरच्यांना धडकी भरते आणि ती रास्त आहे. पण हा भार एका दिवशी येतो तो स्पर्धेत. तयारीत तो कधी, कसा आणि किती यावा, हे आपल्या हातात असतं.

आमच्या भागात गुडघ्याच्या दुखापती येतात त्या बहुधा तीन वाटांनी. ओल्या किंवा खडीच्या वळणावर दुचाकी घसरते. कबड्डी-खोखोच्या मैदानावर पाय रोवलेला असताना अंग वळतं. किंवा चाळिशीनंतर काही विशेष न करता गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्याचं एमआरआयमध्ये दिसतं. दुखापत कोणतीही असो, बोललं जातं ते दोनच गोष्टींबद्दल: लिगामेंट तुटलं का, आणि वंगण संपलं का. ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही तो म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्यात सूज आली, पाणी झालं, की हा स्नायू मेंदूच्या आज्ञेला नीट प्रतिसाद देईनासा होतो. यासाठी फार पाणी लागत नाही. प्रयोगांमध्ये वीस-तीस मिलिलीटर द्रव गुडघ्यात सोडल्यावरही मांडीच्या आतल्या बाजूच्या भागाची हालचाल मंदावलेली आढळली आहे. माणसाला वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं झालं. प्रत्यक्षात दुखणं गेल्यावरही महिनोन्‌महिने ती मांडी दुसरीपेक्षा बारीक आणि अशक्त राहते, जिना उतरताना गुडघा कचरतो, आणि शरीर नकळत दुसऱ्या पायावर भार टाकायला शिकतं. सावरणं म्हणजे मुख्यतः या स्नायूला परत कामाला लावणं. विश्रांतीने ते होत नाही, आणि नुसत्या चालण्यानेही फार होत नाही.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रश्न मिटला, असं मानणाऱ्यांसाठी दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. स्वीडनमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटलेल्या 121 तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले गेले. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया झाली आणि व्यायामोपचारही झाले. दुसऱ्या गटाने आधी व्यायामोपचार घेतले, आणि गरज वाटली तरच पुढे शस्त्रक्रिया. 2010 मध्ये दोन वर्षांचे आणि 2013 मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष आले. गुडघ्याच्या कामगिरीत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागलीच नाही. फिनलंडमध्ये 35 ते 65 वयाच्या, झिजेमुळे मेनिस्कस फाटलेल्या 146 रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया केली गेली आणि काहींची फक्त तशी बतावणी. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही. गुडघा सारखा सटकत असेल, अडकून लॉक होत असेल, तर ती लागतेच, आणि तो निर्णय सर्जनचाच. पण दोन्हीकडे समान असलेला भाग म्हणजे काळजीपूर्वक, दीर्घकाळ केलेला व्यायाम, आणि आपल्याकडे सर्वांत आधी सुटतो तो हाच भाग. टाके निघाले, कामावर रुजू झालो, की फिजिओकडच्या फेऱ्या थांबतात. सहा महिने एका पायावर उठाबशा, पोटऱ्यांचे व्यायाम, मांडीचे व्यायाम करत राहायला माणसाला काहीतरी कारण लागतं. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची इच्छा हे मला माहीत असलेल्या सर्वांत टिकाऊ कारणांपैकी एक आहे.

आता भाराचं गणित. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांच्या आत संवेदक बसवून, रोजच्या हालचालींत सांध्यावर किती भार येतो हे थेट मोजलं. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट असतो, जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास जातो, आणि हलक्या गिअरमध्ये बसून सायकल चालवताना वजनाइतका किंवा त्याहून थोडाच जास्त. धावताना तो या सगळ्यांच्या वर जातो. पाण्याचं गणित आणखी सोपं: कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर निम्म्याच्या आसपास वजन उरतं, छातीपर्यंतच्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, आणि आडवं पोहताना आदळण्याचा प्रश्नच राहत नाही. म्हणजे ज्या दिवशी गुडघा जिना उतरायलाही तयार नसतो, त्या दिवशी तो पाण्यात अर्धा तास काम करू शकतो, आणि धावण्याला परवानगी मिळण्याच्या किती तरी आधी तो सायकलवर तासभर फिरू शकतो. फक्त धावणाऱ्याला दुखापत झाली, तर त्याच्यापुढे धावणं आणि घरी बसणं एवढेच दोन पर्याय असतात. मधली पायरीच नसते, म्हणून तो फार लवकर परततो. ट्रायथलॉन करणाऱ्याजवळ मधल्या पायऱ्या खेळातच असतात. पाण्यात घालवलेली सकाळ ही त्याच्यासाठी वाया गेलेली सकाळ नसते, तीही तयारीच असते. मनाच्या दृष्टीने ही गोष्ट किती मोलाची आहे, हे दुखापतीने खेळ सुटलेल्या माणसांसोबत बसल्याशिवाय कळत नाही.

भार मोजायचा तर तो सगळा मोजायला हवा, आणि इथे आमच्या शहराच्या जगण्याचा संबंध येतो. तयारीच्या तक्त्यात लोक पोहण्याची, सायकलीची, धावण्याची मिनिटं लिहितात. नळाला पाणी येण्याचा दिवस कोणी लिहीत नाही. छत्रपती संभाजीनगरात तो दिवस रोज उगवत नाही. जायकवाडीचं पाणी घरी येतं ते कित्येक दिवसांच्या अंतराने, आणि आलं की भरलेले हंडे-बादल्या घेऊन जिना चढणं-उतरणं होतं. जिना उतरतानाचा भार वर सांगितलाच आहे. हातात वजन असताना तो आणखी वाढतो. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कंपनीत आठ तास उभ्याने पाळी करून आलेल्या माणसाचा गुडघा संध्याकाळी ताजा नसतो. सण-कार्यात दोन तास मांडी घालून बसणं, ओट्याखालचं आवरायला उकिडवं बसणं, फरशी पुसणं, हेही खोल वाकवलेल्या गुडघ्यावरचं काम आहे. बायकांच्या बाबतीत हे फार घडतं: मैदानावर परतायला त्यांना उशिरा परवानगी मिळते, पण फरशीवर बसून करायची कामं त्यांच्याकडे पहिल्याच महिन्यात परत येतात. व्यायामानंतर गुडघा सुजला की दोष व्यायामाला दिला जातो आणि व्यायामच बंद होतो. माझं सांगणं असं की पाणी भरण्याच्या दिवशी धावू नये, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी फक्त पोहावं, आणि लग्नकार्याच्या आठवड्यात वजनाचे व्यायाम हलके ठेवावेत. परदेशात छापलेल्या तक्त्यांत या सूचना मिळणार नाहीत. त्या ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून लिहाव्या लागतात.

पहिला आक्षेप घरचा: धावल्याने गुडघे झिजतात. हा समज फार जुना आहे, पण निरोगी गुडघ्यांच्या बाबतीत पुरावा त्याच्या बाजूने नाही. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज सुमारे साडेतीन टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत ती दहा टक्क्यांच्या वर होती. मात्र त्याच पाहणीत स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत ती तेरा टक्क्यांच्या पुढे होती, हेही लपवता कामा नये. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या गुडघ्याचं लिगामेंट एकदा तुटलं आहे किंवा ज्याच्या मेनिस्कसचा भाग काढला आहे, त्याला पुढे झीज होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, मग तो धावो वा न धावो. त्यामुळे 'धावण्याने काही होत नाही' हे वाक्य सावरणाऱ्या माणसाला सरसकट ऐकवणं चूक आहे. पण यातून घरी बसण्याचा सल्लाही निघत नाही. बसल्याने मांडी आणखी अशक्त होते, वजन वाढतं, आणि वाढलेल्या प्रत्येक किलोचा भार गुडघ्यावर कित्येक पटींनी पडतो. यातून निघतो तो मधला निष्कर्ष: अशा गुडघ्याने धावण्याचे किलोमीटर काटकसरीने वापरावेत आणि दमसासाचं बाकीचं काम पाणी आणि सायकल यांच्यावर सोपवावं. पावलं लहान आणि जलद ठेवावीत. मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्याला झेलावा लागणारा ताण लक्षणीय कमी होतो, हे 2011 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे. पुंडलिकनगरच्या गल्ल्यांमधले गतिरोधक, अचानक आडवी येणारी दुचाकी, अंगावर धावून येणारं कुत्रं, या सगळ्यांत पाय एकदम वळवावा लागतो आणि सावरत्या गुडघ्याला तेच नको असतं. म्हणून सुरुवातीचं धावणं सूतगिरणी चौकाजवळच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या मोकळ्या मैदानावर करावं. गोगाबाबा टेकडीची सवय असलेल्यांनी ती सर्वांत शेवटी परत सुरू करावी, कारण चढण्यापेक्षा उतरण्यात गुडघ्याची परीक्षा जास्त आहे.

दुसरा आक्षेप खेळाडूंकडून येतो आणि तो उलट टोकाचा असतो: पोहणं आणि सायकल गुडघ्याला निर्धोक आहेत ना, मग त्यांचे तास हवे तितके वाढवू. इथे बारकावे कळले नाहीत तर नुकसान ठरलेलं आहे. मराठवाड्यातली बरीच माणसं विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. त्यांची डोकं वर ठेवून बेडकासारखे पाय मारण्याची सवय पक्की असते. ब्रेस्टस्ट्रोकमध्येही तसेच पाय चालतात, आणि त्या फटक्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर पीळ देणारा ताण येतो. पट्टीच्या ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांपैकी अनेकांना ते दुखणं सतावतं. सावरत्या गुडघ्याने फ्रीस्टाइलच शिकायला हवं. सुरुवातीला मांड्यांमध्ये तरंगता ठोकळा धरून फक्त हातांनी पोहावं, भिंतीला पायाने जोरात धक्का देऊन वळणं टाळावं. आमच्या शहरात तलावांची संख्या मुळात कमी, उन्हाळ्यात त्यांत शिबिरांची गर्दी, आणि वर्षभर खुला असलेला तलाव पुंडलिकनगरहून रोज गाठणं सर्वांना परवडत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदाच पोहायला मिळालं तरी ते तंत्र सुधारण्यासाठी वापरावं, अंतर मोजण्यासाठी नाही. सायकलीचं तर आणखी वेगळं. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय आहे, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. पण सीट खाली गेली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला असावा. त्याहून कमी वाकला तर सीट फार वर आहे, आणि मग दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला जातं. बुटाला अडकणाऱ्या पेडलमधून पाय सोडवताना टाच बाहेर फिरवावी लागते. तो पीळ नव्याने बसवलेल्या लिगामेंटला सोसत नाही, त्यामुळे काही महिने साधं सपाट पेडलच बरं. रस्त्याची निवडही याच विचाराने करावी. पैठण रस्ता बराचसा सपाट आहे, तिथे हलक्या गिअरमध्ये एका लयीत पाय चालतात. दौलताबादच्या घाटातून खुलदाबाद-वेरूळकडे जाणारा रस्ता सर्वांचा आवडता, पण जड गिअर लावून दात-ओठ खात तो चढणं म्हणजे दुखऱ्या वाटीवर सगळा जोर एकवटणं. घाट कधी सुरू करायचा, हे मांडीच्या ताकदीवर ठरावं. रविवारच्या ग्रुप राइडचा मार्ग तिकडून जातो म्हणून नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे तारखेकडे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिकेच्या संयुक्त अभ्यासात एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर 106 जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. नऊ महिन्यांपर्यंत खेळावर परतणं जितकं लांबवलं, तितका धोका घटला. प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालेलं आढळलं. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाल्यावर परतलेले लोक जास्त सुरक्षित राहिले. ते खेळ उड्या आणि गिरक्यांचे होते. ट्रायथलॉन सरळ रेषेत चालते, म्हणून तेच आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण त्यातलं तत्त्व लागू पडतं, कारण जोडलेलं लिगामेंट शरीरात रुजायला जितका काळ घेतं, तो खेळ बदलल्याने कमी होत नाही. त्या मानाने दमसास बराच लवचीक असतो. 1984 मध्ये खूप सराव असलेल्या खेळाडूंना व्यायाम बंद करायला लावून केलेल्या प्रयोगात, त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सात टक्क्यांनी आणि दोन-तीन महिन्यांत सोळा टक्क्यांनी घटली. म्हणजे पूर्ण बंद ठेवूनही बरीच क्षमता उरते, आणि इथे तर आपण पोहण्या-सायकलीने ती सांभाळत असतो. थोडक्यात, ज्याची भीती वाटून माणसं घाई करतात तो दमसास परत मिळतो. घाईत जे तुटतं ते मिळेलच असं नाही. मराठवाड्यातलं सर्वांत ताजं उदाहरण अविनाश साबळे यांचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्यांचं गाव. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत ते पाण्याच्या अडथळ्यावर पडले. गुडघ्याचं लिगामेंट आणि मेनिस्कस, दोन्हींची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सप्टेंबरमधल्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावं लागलं. देशातले उत्तम सर्जन, प्रशिक्षक आणि लष्कराचा आधार पाठीशी असलेला, धावणं हाच पेशा असलेला खेळाडू जागतिक स्पर्धेची तारीख सोडतो. मग दिवसाची नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या माणसाने गोव्याच्या तारखेपायी गुडघा पणाला का लावावा?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की तारीख नसेल तर कोणी तयारीच करणार नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. माणसं नोंदणी करतात ती स्वतःला बांधून घेण्यासाठी; हजारो रुपये भरले की पहाटे पाचला उठलं जातं, हे खरंच आहे. पण बांधून घ्यायला तारखेखेरीज दुसरं काही असू शकतं, आणि गुडघ्याच्या बाबतीत ते असायलाच हवं. मी ज्यांना मदत करते त्यांच्यासाठी टप्पे असे असतात: गुडघा दुसऱ्याइतका पूर्ण सरळ होतो का, जिना न कचरता, कठडा न धरता उतरता येतो का, अर्धा-पाऊण तास झपझप चालल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसते का, खुर्चीतून एका पायावर किती वेळा उठता येतं आणि दुसऱ्या पायावर किती वेळा, मांडीची ताकद दुसरीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली का. पहिले तीन जमले की चालणं-धावणं आलटून पालटून सुरू. शेवटचे दोन जमले की सलग धावणं. सरावात दुखणं अजिबात नको असंही नाही. दहापैकी दोन-तीनपर्यंतचं, आणि चोवीस तासांत निवळणारं दुखणं चालतं. सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जाड दिसला, की त्या आठवड्याचं वाढीव काम रद्द. एकेक टप्पा ओलांडण्याचा आनंद स्पर्धेच्या पदकापेक्षा कमी नसतो, आणि तो आनंद तर दर काही आठवड्यांनी मिळतो. तरीही ज्याला तारखेशिवाय चैनच पडत नाही, त्याच्यासाठी रिलेची वाट आहे. गोव्यातल्या स्पर्धेत तिघांचा संघ करून एकाने पोहायचं, एकाने सायकल चालवायची, एकाने धावायचं, अशी सोय असते. सावरणाऱ्याने पोहण्याचा किंवा सायकलीचा भाग घ्यावा. धावण्यासाठी मित्र शोधावा.

एक गोष्ट थोडक्यात, पण ठासून. वेदनाशामक गोळ्या घेऊन सराव किंवा स्पर्धा करू नये. गोळी सूज आणि दुखणं झाकते, आणि गुडघ्याकडून मिळणारी एकमेव खबर बंद करते. शिवाय उन्हात तासन्‌तास घाम गाळणाऱ्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. 2017 च्या एका अभ्यासात ऐंशी किलोमीटर धावणाऱ्यांपैकी ही गोळी घेतलेल्या गटात मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याचं प्रमाण 52 टक्के होतं, औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या गटात 34. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात हा धोका पत्करण्याचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळं पैसेवाल्यांचं आणि हट्टी माणसांचं वेड आहे, गुडघा बिघडलेल्या सामान्य माणसाने याच्या नादी का लागावं. महागड्या सायकली आणि नोंदणीचे दर पाहता यातला पहिला भाग नाकारता येत नाही. पण तयारीला फार खर्च लागत नाही: कुठलीही नीट बसवलेली सायकल, आठवड्यातून दोनदा तलाव, एक मैदान, आणि घरातल्या जिन्याची एक पायरी. हट्टाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि त्यासाठीच निकेत दलाल यांचं नाव आधी घेतलं. दृष्टी गेलेल्या माणसाने समुद्रात पोहायचं, तर जोडीदाराशी दोरीने बांधून घ्यावं लागतं. सायकल दोघांची चालवावी लागते. धावताना पुन्हा दोरी, पुन्हा जोडीदार. प्रत्येक हालचाल त्या मर्यादेभोवती नव्याने बसवावी लागते. डोळे मिटून 'मी करणारच' म्हणणाऱ्याला हे जमत नाही; जो आपली मर्यादा नेमकी कुठे आहे हे बारकाईने ओळखतो आणि तिच्याप्रमाणे पद्धत बदलतो, त्याला जमतं. सावरणाऱ्या गुडघ्याची गरज याच गुणाची आहे. त्याला जिद्दीने रेटणारा मालक नको, त्याचं ऐकून तक्ता बदलणारा हवा. अशा माणसाने पूर्ण अंतराचं स्वप्न पाहावं, त्यासाठी दोन-तीन वर्षं द्यावीत, आणि मधल्या काळात त्याचा गुडघा न धावणाऱ्या शेजाऱ्याच्या गुडघ्यापेक्षा बळकट झालेला असेल.

म्हणून ज्यांच्या मनात ही इच्छा आहे त्यांना माझी विनंती आहे. यंदाच्या स्पर्धेचा अर्ज उघडण्याआधी आपल्या सर्जनला शस्त्रक्रियेचा किंवा दुखापतीचा तपशील पुन्हा विचारून घ्या, एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या, आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुखरा पाय दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचला नसेल, तर अर्ज पुढच्या वर्षी भरा. पोहण्याचा वर्ग मात्र याच आठवड्यात लावा.